पौर्णिमेचं बुकिंग

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. सातपुड्यात तुम्ही तिघंच कसे गेलात, चौथा का आला नाही, असं कोणी विचारलं की मी पाण्याचा घोट घ्यायचो, नाहीतर समोरच्याच्याच तब्येतीची चौकशी करायचो. आता तो चौथा राहिला नाही. त्याच्याबद्दल गावात एक गोष्ट पक्की होऊन बसली आहे आणि ती खोटी आहे. ती खोटी आहे हे माहीत असलेला आता मी एकटाच. म्हणून लिहितो.

मी एसटीत होतो. कंडक्टर म्हणून लागलो, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो आणि वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरला आपल्या घरी येऊन राहिलो. गावात मला अजून ‘कंट्रोलर’च म्हणतात. सकाळी आम्ही चौघं रिसोड रोडनं फिरायला जायचो. एक निवृत्त गुरुजी. एक शेतकरी, त्याला सगळे पाटील म्हणत. त्याचं शेत मेडशीकडे आणि घर इथं. आणि चौथा माझा शाळेपासूनचा मित्र. तो जैन. मंदिराच्या रस्त्यावर त्याचं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान. आम्ही त्याला ‘शेठ’ म्हणायचो, ते चिडवण्यासाठी. कारण शेठसारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं. तो सूर्यास्तानंतर जेवत नसे. कांदा, लसूण, बटाटा खात नसे. पाणी गाळून आणि उकळून पीत असे. फिरताना रस्त्यावर मुंग्यांची रांग आली की थांबून लांब टांग टाकायचा. आम्ही पुढे जाऊन त्याची वाट पाहत उभे राहायचो.

त्याची एक सवय सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. झेरॉक्सला आलेला कागद तो वाचल्याशिवाय परत देत नसे. कानावरची पेन्सिल काढून नाव, वय, तारीख, एकेका गोष्टीपुढे बारीक खूण करत जायचा, अगदी फिकट. सातबारा असो, जन्माचा दाखला असो. “भाऊ, तुह्या बापाचं नाव चुकलं हाये अठी, पयले दुरुस्त करून घे,” असं सांगून त्यानं कितीतरी लोकांच्या चकरा वाचवल्या असतील. पाटील म्हणायचा, “शेठ, तू झेरॉक्स काढतो का पेपर तपासतो बे?”

जंगलात जायची कल्पना त्याचीच होती.

आठवीत असताना शाळेची सहल सातपुड्यात गेली होती. दोन रात्री तंबूत. त्याच्या वडलांनी त्याला पाठवलं नाही. रात्री खिचडी शिजणार, पाणी कुठलं कोण जाणे, असं म्हणाले. वडलांवर तो रागावला नाही, पण सहलीची गाडी सुटली तेव्हा शाळेच्या फाटकाशी येऊन उभा होता. परत आल्यावर मी आठ दिवस त्याला सगळं सांगत होतो. न पाहिलेलं अस्वलही सांगितलं. तो म्हणायचा, “अजून सांग.” त्यानंतर लग्न, दुकान, मुलं. यात्रेला गेला असेल तेवढाच, धर्मशाळेत राहिला असेल. डोंगरात, उघड्यावर, तंबूत एक रात्र काढायची त्याची इच्छा तशीच राहून गेली होती. मुलानं दुकान अर्धंअधिक सांभाळायला घेतलं तेव्हा एका सकाळी चालता चालता तो म्हणाला, “आपुन जाऊ ना बाप्पा एकदा. पाय आहेत तवरिक.”

त्यानं सातपुड्याचा एक मोठा नकाशा आणला आणि दुकानातल्या काउंटरच्या काचेखाली पसरला. गिऱ्हाईक वही मागायचं आणि हा त्याला नदी दाखवायचा. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला एका आदिवासी गावाजवळ तंबू लावून मिळतात, आत पायी फिरायचं तर तिथलाच वाटाड्या घ्यावा लागतो, नावं आधी नोंदवावी लागतात, हे सगळं त्यानं फोन करून विचारून ठेवलं. मग आम्ही रोज संध्याकाळी दुकानात जमू लागलो. पाटलानं विचारलं, “शेठ, तठी वाघाले सांगशीन का, सूर्य बुडाच्या आंधी जेवून घे म्हणून?”

“वाघ जेवते तवा मी झोपलेला राह्यतो,” तो म्हणाला. “त्याच्या ताटात मी पाह्यत नाई, त्यानं माह्या पाहू नये.”

सरावासाठी आम्ही दोनदा मेडशीच्या पुढच्या घाटात जाऊन आलो. आम्ही तिघांनी पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणि चिवडा भरला होता. त्यानं पिशवीत कोऱ्या कागदाच्या दोन रिमी टाकल्या होत्या, वजनाची सवय व्हावी म्हणून. तो हळू चालला, पण एकदाही बसला नाही. वर पोचल्यावर गुरुजी दम खात दगडावर टेकले आणि हा उभ्या उभ्या खालच्या तुरीच्या शेतांकडे पाहत राहिला. खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले होते. म्हणाला, “कागद इतला जड राह्यते, हे दुकानात बसून समजलंच नोतं.”

कार्तिकात जायचं ठरलं, तारीख तेवढी ठरायची होती. जाण्याचं वेळापत्रक मात्र माझ्याकडे होतं. ते कोणी दिलं नव्हतं, मीच धरून ठेवलं होतं. शिरपूरहून मालेगाव, मेडशीवरून अकोला, तिथून अकोट आणि पुढे जीप. कुठली गाडी किती वाजता, कुठे किती थांबायचं, पहिल्या दिवशी किती चालायचं, दुसऱ्या दिवशी किती. फुलस्केपवर रेघा मारून मी ते केलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. नोकरीत माझ्या वेळापत्रकाला कोणी हात लावला नव्हता.

त्यानं वाचलं. सवयीनं पेन्सिल काढली. एका ओळीशी थांबला.

“कंट्रोलर, पयल्या दिवशी तू तंबूपाशी साडेसहाले पोचून राह्यला. कार्तिकात सूर्य सहाच्या आंधी बुडते. मंग मी जेवू कवा? आपुन सकायची पयली गाडी धरली तर चारले पोचतो. तुमालेही उजेडात जागा पाहून ठेवता येईन.”

बरोबर होतं त्याचं. अंधारात तंबूपाशी पोचणं मूर्खपणाचं होतं, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. गुरुजींनी कागद ओढून पाहिला आणि हसत म्हणाले, “शेठचंच बराबर हाये. कंट्रोलर, आता शेठकडेच द्या सारं नियोजन. तुमी निवृत्त झाले.”

सगळे हसले. मीही हसलो. तो हसला नव्हता, हे मला नंतर आठवलं. त्यानं माझा कागद सरळ करून माझ्याकडेच परत दिला होता.

घरी जाताना पाटील म्हणाला, “शेठ आला म्हणजे ना कांदा, ना आलू. भाजी का मातीची करा लागीन?” एवढंच म्हणाला तो, आणि दुसऱ्या दिवशी विसरलाही असेल. त्याच्यावर मी काही ढकलत नाही. जे केलं ते मी केलं. आणि ते कांद्या-बटाट्यासाठी केलं नाही, त्या हसण्यासाठी केलं. हे मान्य करायला मला इतकी वर्षं लागली.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. कार्तिक शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा हे जैनांच्या अष्टान्हिका पर्वाचे आठ दिवस. मंदिरात आठही दिवस पूजा-विधान असतं आणि शेठच्या घरचं माणूस पूजेला पहिलं बसतं, ही त्याच्या आजोबांपासूनची रीत. शेवटच्या दिवशीचं जेवण मी कितीतरी वर्षं त्याच्या घरी जेवलो आहे. मला तिथी कोणाला विचारावी लागली नाही. मी पौर्णिमेवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. दुकानात गर्दी होती. गर्दी ओसरल्यावर मी जाहीर केलं की पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पोचायचं आणि दोन रात्री राहायचं. जंगलात तंबू, वर पूर्ण चंद्र. गुरुजी खूश झाले. चंद्राला कोण नाही म्हणणार? माझ्या मनातलं त्या चांदण्याखाली अगदी झाकून गेलं.

तो कॅलेंडरकडे पाहत होता.

“अष्टान्हिका हाये ना त्यात.”

“हाव का?” मी म्हणालो. “माह्या ध्यानातच नाई आलं गड्या.”

“चार दिवस पुढं नाई का जमत? चंद्र तवाही राह्यतेच. उशिरा निघते इतलंच.”

“बुकिंग होऊन गेलं,” मी म्हणालो.

बुकिंग झालेलं नव्हतं. बुकिंग मी तिसऱ्या दिवशी वाशिमला जाऊन एका कॉम्प्युटरवाल्याकडून केलं. तीन नावांचं. चार दिवस पुढच्याही जागा तिथं रिकाम्या दिसत होत्या. कॉम्प्युटरवाल्यानं विचारलंही, “काका, कोणती तारीख टाकू?” मी पौर्णिमेचीच सांगितली.

त्या बाजाराच्या दिवशी तो एवढंच म्हणाला, “मंग ठीक हाये. तुमी जाऊन या.” आणि एका पोराला कंपासपेटी काढून दाखवू लागला.

जायच्या आदल्या संध्याकाळी गुरुजी आमच्याकडे आले. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेली बुकिंगची पावती होती. तिच्या तीन प्रती आणि आमच्या तिघांच्या आधार कार्डांच्या प्रती, सगळं टाचून. मी मोबाइलवर पाठवलेली पावती गुरुजींनी सरळ शेठकडे पाठवली होती आणि त्यानं छापून दिली होती. सोबत एक डबा होता. त्याच्या बायकोनं केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू. आणि पाणी गाळायचं जाड सुती फडकं, धुवून घडी केलेलं. गुरुजींनी निरोप सांगितला, “झऱ्याचं पाणी असंच पिऊ नोका म्हणे.”

उद्यानाच्या फाटकावर पहाऱ्यावरच्या माणसानं पावती मागितली. मी फोल्डर दिलं. त्यानं पाहून परत केलं आणि मी ते पिशवीत टाकता टाकता पहिल्यांदाच नीट वाचलं. तिघांच्या नावांपुढे पेन्सिलची फिकट खूण होती. वयांपुढे होती. येण्याच्या तारखेपुढे, जाण्याच्या तारखेपुढे होती. आणि सगळ्यात वर, बुकिंग केल्याची तारीख छापलेली होती, बाजारानंतरच्या तिसऱ्या दिवसाची. तिच्यापुढेही खूण होती.

तो कुठलाच कागद वाचल्याशिवाय देत नसे.

गुरुजी म्हणाले, “चला कंट्रोलर, काय झालं?” मी म्हणालो काही नाही, बुटात खडा गेला.

दोन दिवस आम्ही चाललो. सागाच्या जंगलातून, बांबूच्या बेटांमधून, मग वर गवताच्या मोकळ्या माथ्यावर. आमचा वाटाड्या कोरकू आदिवासी होता, कमी बोलणारा. अस्वलानं ओरबाडलेलं झाड त्यानं दाखवलं, वाघाच्या पावलाचा ठसा दाखवला. ओढ्यावर मी ते फडकं दुहेरी करून पाणी गाळलं. फडक्यावर बारीक किडे राहिले. वाटाड्यानं फडकं माझ्या हातातून घेतलं, ओढ्याच्या पाण्यात उलटं करून हलकेच धुतलं आणि म्हणाला, “ज्यानं दिलं त्याला माहीत आहे.” पाटलानंही पहिल्या दुपारी दशमी खाऊन पाहिली आणि मग डबा त्याच्याचकडे राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्य बुडायला आणि समोरच्या डोंगरावर चंद्र वर यायला एकच वेळ झाली. इतका मोठा चंद्र मी त्याआधी पाहिला नव्हता. गुरुजी नकळत म्हणाले, “शेठ पाह्यजे होता.” पाटील म्हणाला, “हाव ना बाप्पा.” मी तंबूची दोरी पुन्हा पुन्हा ताणत होतो.

परत आलो त्या दिवशी त्यानं काउंटरच्या काचेखालून नकाशा काढला, माझ्यासमोर ठेवला आणि पेन्सिल दिली.

“कुठी झोपले, ते दाखव.”

मी फुली मारली.

“सांग ना.”

आठवीत मी आठ दिवस सांगत होतो, न पाहिलेलं अस्वलसुद्धा. आता पाहिलेलं सांगता येईना. म्हणालो, “झाडं. डोंगर. आपल्या घाटासारखंच.”

“अन् चंद्र?”

“ढग होते,” मी म्हणालो.

का म्हणालो, ते मी स्वतःला खूप वेळा विचारलं. त्याला कमी वाईट वाटावं म्हणून, असं काही दिवस उत्तर दिलं. खरं म्हणजे तो चंद्र त्याच्यासमोर काढायची माझी हिंमत नव्हती.

त्यानं फुलीवरून बोट फिरवलं. “अठी तर लख्ख होता,” म्हणाला आणि नकाशा काचेखाली सरकवला.

यापलीकडे तो कधीच काही बोलला नाही. दुसऱ्या सकाळी रिसोड रोडवर नेहमीसारखा आला. गावात मात्र गोष्ट तयार झाली. शेठ जाणार होता, पण त्याचा धर्म आडवा आला. ही गोष्ट मी सांगितली नाही. मी ती फक्त खोडली नाही.

त्यांच्यात क्षमावणीचा दिवस असतो. भादव्यात पर्युषण संपलं की ते घरोघर जातात, हात जोडतात आणि वर्षभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची माफी मागतात. तो आमच्या घरी दर वर्षी यायचा, आमचे त्यांच्याशी कुठलेच नातेसंबंध नसताना. दारात चप्पल काढून हात जोडायचा. “वर्षभरात माह्याकून काही दुखावलं असीन तर क्षमा कर. उत्तम क्षमा.” मग चहा न घेता पुढच्या घरी.

सहलीनंतरच्या भादव्यातही आला. माझ्याकडून काही दुखावलं असेल तर, असं तो मला म्हणाला. मी हात जोडले आणि दर वर्षीचा विनोद केला, “तुह्याकून काय होते बाप्पा, मुंगी तर मरत नाई तुह्याच्यानं.” तो हसला. दारात थोडा जास्त वेळ उभा राहिला असं मला वाटलं. कदाचित चप्पल सापडत नसेल. पुढच्या वर्षीही तेच झालं. मी आधीपासून वाक्य तयार करून ठेवलं होतं, आणि तोंडातून पुन्हा मुंगीच निघाली.

तिसऱ्या वर्षी क्षमावणीच्या आदल्या दिवशी मीच दुकानात गेलो. खिशात ती पावती होती. वाटलं होतं, पावती त्याच्या हातात दिली की पुढचं आपोआप बोललं जाईल. दुकानात कोणी नव्हतं. तो बराच वाळला होता, डॉक्टरकडे चकरा चालू होत्या.

“याची एक झेरॉक्स पाह्यजे,” मी म्हणालो.

त्यानं पावती घेतली. चष्मा वर करून पाहिली. “आता कायले पाह्यजे याची कॉपी?”

“अशीच. जपून ठेवाले.”

मशीनचा उजेड काचेखाली सरकत गेला. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. पेन्सिलच्या खुणा प्रतीवरही आल्या होत्या. यावेळी त्यानं पेन्सिल काढली नाही. दोन्ही कागद एका पाकिटात घातले आणि माझ्या हातात देताना माझा हात धरून ठेवला.

“कंट्रोलर, या कार्तिकात अष्टान्हिका झाली का मंग जाऊ आपुन. पौर्णिमेनंतर चार दिवसांनी. डॉक्टर काय म्हणते ते पाहून. दोघंच जाऊ.”

इतकी मोकळी वाट माझ्यासाठी कोणी कधी केली नव्हती. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तरी बाकीचं त्याला पोचलं असतं.

“माहे गुडघे कुठी साथ देऊन राह्यले गड्या,” मी म्हणालो.

त्यानं हात सोडला. “हाव, तेही हाये,” म्हणाला.

तो दसऱ्यानंतर गेला. कार्तिक लागायचा होता.

त्याच्या शोकसभेत गुरुजी बोलले, फार प्रेमानं. म्हणाले, “आमचा मित्र नियमाचा पक्का. डोंगरात जायची एवढी हौस, पण पर्व आलं तर हौस सोडून दिली.” लोकांनी माना हलवल्या. त्याचा मुलगा माझ्या शेजारीच बसला होता. हळूच मला म्हणाला, “काका, बाबाचे नियमच आडवे आले हो नेहमी. आठवीत आजोबा, मग हे.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लोकांना वाटलं असेल मी धीर देतोय.

नियम आडवे आले नव्हते. नियम पाळून डोंगर चढता येतो, हे त्यानं दोन रिमी कागद पाठीवर घेऊन दाखवलं होतं. त्यानं फक्त चार दिवस मागितले होते.

यंदा क्षमावणीला त्याचा मुलगा आला. बापासारखीच चप्पल काढून दारात उभा राहिला आणि म्हणाला, “माझ्याकडून, आणि बाबांकडूनही, उत्तम क्षमा.” टेबलाच्या खणात ते पाकीट होतं. मी म्हणालो, “बस, चहा टाकाले सांगतो.” तो म्हणाला, “नाही काका, अजून बरीच घरं राह्यली.”

मी फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. तो कोपऱ्यावर वळला. मग घरात येऊन लिहायला बसलो.

शेठ, त्या दिवशी बुकिंग झालं नोतं. चार दिवसांनंतरच्याही जागा होत्या, मी पाह्यल्या होत्या. तू येऊ नये म्हणून मी पौर्णिमा धरली, अन् तू येऊ नये असं मले वाटलं ते तुह्या जेवणापाण्यापायी नाई, माह्या कागदावर तुह्या पेन्सिलची खूण पडली म्हणून. ढगही नोते. चंद्र समोरच्या डोंगरावर निघाला तवा गुरुजींनी तुहं नाव घेतलं, अन् मी दोरी ताणत राह्यलो. मले माफ कर.